कचऱ्याचे वतन

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कमधल्या राहत्या इमारतींच्या तळमजल्यावरची दुकाने, खानावळी आणि केशकर्तनालये यांचा कचरा वरच्या मजल्यांवरच्या घरगुती कचऱ्याबरोबरच महापालिकेच्या गाडीत पडत असे. त्यासाठी दुकानदाराला वेगळी दमडीही मोजावी लागत नसे. १९५६-५७ मध्ये महापालिकेने ही सोय काढून घेतली. यापुढे धंदेवाल्याने आपला कचरा खासगी गाडीवाल्याकडून स्वतःच्या खर्चाने उचलून घ्यावा, असा नियम झाला. सुमारे ५०,००० दुकानदार एकदम नवा गाडीवाला शोधायला निघाले.

या निर्णयामागचा विचार सरळ होता. मोठी कार्यालये, हॉटेले आणि कारखाने आधीपासूनच खासगी गाडीवाल्यांना पैसे देत होते. मग कोपऱ्यावरच्या वाण्यालाच फुकट सेवा का, हा प्रश्न रास्त होता. महायुद्धानंतर खोकी, बाटल्या, डबे आणि कागद यांचा नुसता पूर आला होता आणि सफाई खात्यावरचा ताण वाढत चालला होता. जो धंदा करतो त्याने कचऱ्याचा खर्चही धंद्यातूनच भागवावा, या म्हणण्यात खोट काढायला फारशी जागा नव्हती. घरांचा कचरा महापालिकेकडेच राहिला आणि आजही तो तीच उचलते. महापौर रॉबर्ट वॅगनर यांच्या कारकिर्दीतला हा बदल कागदावर तरी जमाखर्चातली एक दुरुस्ती होती.

या दुरुस्तीच्या आडोशाने जे फोफावले ते मोडून काढायला चाळीस वर्षे लागली. दरम्यान दुकानदारांच्या दोन पिढ्या लुबाडल्या गेल्या आणि काही माणसे जिवाला मुकली. हाताने काम करणे सोडून देता येते, पण त्या कामावरची नजर काढून घेता येत नाही, हा धडा त्या शहराला फार महागात पडला. जगभरच्या महापालिका आज कचऱ्याच्या निविदा काढताना जो हिशेब मांडतात, त्यात ही नजर ठेवण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो. म्हणून हा इतिहास सविस्तर सांगायला हवा.

कचऱ्याच्या बाबतीत न्यूयॉर्क अडाणी नव्हते. रस्तेसफाईचे स्वतंत्र खाते तिथे १८८१ पासून होते. मात्र नेमणुका टॅमनी हॉल या स्थानिक पक्षयंत्रणेच्या पुढाऱ्यांच्या मर्जीने होत आणि झाडूवाला झाडण्यापेक्षा निवडणुकीतच जास्त राबे. रस्त्यांवर घोड्यांची लीद, चुलींची राख आणि भाज्यांचा कुजका पाला यांचा थर साचलेला असे. १८९५ मध्ये कर्नल जॉर्ज वॉरिंग या अभियंत्याकडे हे खाते आले. त्याने सफाई कामगारांना पांढरे शुभ्र गणवेश दिले. लोक त्यांना ‘व्हाइट विंग्ज’ म्हणू लागले. राख, ओला कचरा आणि सुके भंगार वेगळे ठेवण्याची सक्ती त्याने केली. १८९६ मध्ये हेच कामगार फिफ्थ अव्हेन्यूवरून संचलन करत गेले, तेव्हा आदल्या वर्षापर्यंत त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या शहराने त्यांना टाळ्या दिल्या. १८९८ मध्ये हवानाच्या दौऱ्यात जडलेल्या पीतज्वराने वॉरिंग वारला, पण शहराची घाण हा शहराच्या कारभाराचा विषय आहे, ही गोष्ट त्याने रुजवली होती. साठ वर्षांनी त्याच शहराने या विषयाचा मोठा तुकडा दुसऱ्याच्या हाती दिला.

ज्यांच्या हाती दिला ते गाडीवाले बहुतेक दक्षिण इटलीतून आलेल्या कुटुंबांतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबा एका घोड्याची गाडी घेऊन चिंध्या, कागद आणि राख गोळा करत. मुलाने ट्रक घेतला आणि नातू ट्रकच्या मागच्या पायरीवर उभा राहून पिंपे रिकामी करू लागला. काम रात्रीचे, अंग मोडून काढणारे आणि समाजात मान नसलेले. दुसरे कुणी करायला तयार नव्हते म्हणून ते यांच्याकडे आले आणि यांनी ते कष्टाने उभे केले. पण अशा लहान लहान धंद्यांना स्पर्धेची मोठी धास्ती असते. कुणीही एक ट्रक घेऊन उद्या धंद्यात उतरू शकतो आणि शेजारचे गिऱ्हाईक कमी दरात पळवू शकतो. ही धास्ती संपवण्यासाठी गाडीवाल्यांनी संघटना काढल्या आणि त्या संघटनांनी एक अलिखित कायदा केला.

तो कायदा मराठी वाचकाला लगेच उमगेल, कारण आपल्याकडे वतनाची पद्धत शतकानुशतके चालत होती. पाटीलकी किंवा कुलकर्णीपण जसे घराण्याच्या मालकीचे असे, वारसाने मुलाकडे जाई, विकता येई, गहाण पडे आणि तंट्याचा निवाडा गोतसभेत होई, तसेच न्यूयॉर्कमध्ये गिऱ्हाईक हे गाडीवाल्याचे वतन झाले. धंद्याच्या बोलीत गिऱ्हाइकाला ‘स्टॉप’ म्हणत, म्हणजे गाडी जिथे थांबते ती जागा. एकदा स्टॉप तुमचा झाला की तो कायमचा तुमचा. तिथल्या दुकानदाराने गाशा गुंडाळला आणि त्या गाळ्यात नवा दुकानदार आला, तर तोही तुमचाच. दुकानदाराला यात विचारायची पद्धत नव्हती. स्टॉपची खरेदी-विक्री गाडीवाल्यांच्या आपापसात चाले आणि किंमत महिन्याच्या बिलाच्या चाळीस पटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाई. गिऱ्हाईक उद्या सोडून जाऊ शकते अशा कुठल्याही धंद्यात एवढी किंमत कुणी मोजणार नाही. ही किंमतच सांगत होती की गिऱ्हाइकाला सोडून जाण्याची मुभा नाही.

कुणी दुसऱ्याचा स्टॉप घेतला तर तक्रार संघटनेच्या समितीपुढे येई. समिती सांगेल त्याप्रमाणे स्टॉप परत करायचा, त्याच तोलाचा दुसरा द्यायचा, नाहीतर दंड भरायचा. ऐकले नाही तर पुढची पायरी होती. संघटनेच्या पाठबळाने चालणारी एखादी कंपनी बंडखोराची गिऱ्हाइके फुकटाच्या भावात उचलू लागे. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनच्या लोकल ८१३ शाखेवर बर्नार्ड अ‍ॅडेलस्टीनची पकड होती. ही शाखा बंडखोराच्या गिऱ्हाइकाच्या दारात निदर्शने लावी, मग त्या दारातला माल उचलायला युनियनचा कुणी कामगार धजत नसे. एवढ्यानेही भागले नाही तर ट्रकच्या काचा फुटत, इंजिनात वाळू पडे किंवा रात्री ट्रक पेटे. या सगळ्याला धार होती ती माफियाच्या घराण्यांची. मॅनहॅटन, ब्रुकलिन आणि क्वीन्समध्ये गॅम्बिनो आणि जेनोव्हीस घराण्यांची, तर लाँग आयलंडवर लुकेझी घराण्याची.

५०,००० दुकानदार गाडीवाला शोधायला निघाले ते या जगात. दुकानदाराला वाटले आपण निवड करणार आहोत. प्रत्यक्षात त्याची वाटणी झाली.

हे अंधारात चालले होते असे म्हणायला जागा नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये, म्हणजे नवी व्यवस्था लागू होताहोताच, अमेरिकी सिनेटच्या मॅक्लेलन समितीने न्यूयॉर्क आणि लाँग आयलंडच्या कचरा धंद्यावर जाहीर सुनावणी घेतली. समितीचे मुख्य वकील होते रॉबर्ट केनेडी, तेव्हा नुकतेच तिशी ओलांडलेले. त्यांनी समोर आणलेला सर्वांत मोठा मोहरा म्हणजे व्हिन्सेंट स्क्विलांटे. ग्रेटर न्यूयॉर्क कार्टमेन्स असोसिएशनचा हा कार्यकारी संचालक आपण अल्बर्ट अनास्तासिया या कुप्रसिद्ध गुंडाचा धर्मपुत्र असल्याचे सांगत मिरवे. आदल्याच महिन्यात अनास्तासियाला मॅनहॅटनच्या एका हॉटेलात न्हाव्याच्या खुर्चीत गोळ्या घातल्या गेल्या होत्या. समितीपुढे स्क्विलांटेने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची मुभा देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला आणि उत्तर देणे नाकारले. गाडीवाल्यांनी मात्र साक्षी दिल्या. स्टॉपची मालकी, दंड, युनियनचा दबाव, सगळे नोंदीवर आले. स्क्विलांटे १९६० मध्ये बेपत्ता झाला आणि पुन्हा कधी दिसला नाही. संघटना जागच्या जागी राहिल्या. अ‍ॅडेलस्टीनही युनियनमध्ये आणखी तीन दशके टिकला.

महापालिकेने दुकानदाराच्या संरक्षणासाठी दोन गोष्टी केल्या होत्या. गाडीवाल्याला परवाना लागेल आणि घन-यार्डभर कचऱ्यामागे कमाल दर शहर ठरवेल. दोन्ही उपाय उलटले. परवाना मागणाऱ्याची पार्श्वभूमी खोलात जाऊन तपासली जात नव्हती, त्यामुळे परवाना हे गुंडाच्या हातातलेही सरकारी प्रमाणपत्र झाले. कमाल दर तर सगळ्यांचा एकच दर होऊन बसला, कारण स्पर्धा नसताना कमी घेणार कोण? शिवाय मोजमाप गाडीवालाच करी. दहा यार्ड कचऱ्याचे बिल पंधरा यार्डांचे आले तर दुकानदार काय करणार? पहाटे अडीच वाजता फुटपाथवरच्या पिशव्या मोजायला तो उभा राहत नव्हता. ज्याने हुज्जत घातली त्याचा कचरा चार दिवस तसाच पडे आणि घाण केल्याचा दंड पालिकेकडून त्यालाच होई. दुसरा गाडीवाला बोलावला तर तो फोनवर एकच प्रश्न विचारी, तुमच्याकडे आत्ता कोण येतो? नाव कळले की फोन बंद.

मोठ्या कंपन्या हा खर्च भाड्यात आणि बिलात जिरवत. लहान दुकानदार महिन्याच्या हप्त्यासारखा तो सोसत. म्हणून ओरड कधी एकवटली नाही. रँड संस्थेचे अर्थतज्ज्ञ पीटर रॉयटर यांनी १९८० च्या दशकात या धंद्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की माफिया इथे गाडीवाल्यांचा शत्रू नव्हता. गाडीवाल्यांनी आपसात केलेल्या वाटणीचा तो रखवालदार होता. वाटणी मोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो मोह भीतीने आवरून धरण्याची किंमत माफिया वसूल करी आणि ती अखेर दुकानदाराच्या गल्ल्यातून जाई.

सरकार अगदीच हात बांधून बसले नव्हते. ब्रुकलिनचे जिल्हा सरकारी वकील यूजीन गोल्ड यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांना ट्रक घेऊन दिला आणि खोटी कचरा कंपनीच काढायला लावली. पोलीस स्वतः पिशव्या उचलत, गिऱ्हाइके धरत आणि मग धमक्या ऐकत. १९७४ मध्ये आरोपपत्रे आली, पण शिक्षा किरकोळ झाल्या आणि वाटणी तशीच राहिली. गॅम्बिनो घराण्याचा सरदार जेम्स फेला तर सुमारे तीस वर्षे गाडीवाल्यांच्या एका प्रमुख संघटनेचा खरा सूत्रधार राहिला. संघटनेला कचेरी होती आणि रीतसर पत्रव्यवहारही होता. पोलिसांना माणूस ठाऊक होता, धंदा ठाऊक होता, पण न्यायालयात टिकेल असा साक्षीदार मिळत नव्हता.

महापालिकेने काम परत स्वतःकडे घ्यावे असा विचार तेव्हा पुढे येणे अवघड होते, त्यालाही कारण होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये महापालिकेच्या सफाई कामगारांनी जॉन डेल्युरी यांच्या नेतृत्वाखाली नऊ दिवस संप केला. हजारो टन कचरा हिवाळ्याच्या वाऱ्यात रस्तोरस्ती उधळत राहिला आणि महापौर जॉन लिंडसे यांची नाचक्की झाली. त्यांच्याच प्रशासनातले ई. एस. सावस यांनी महापालिकेच्या आणि उपनगरांतल्या खासगी कचरा उचलणीच्या खर्चाची तुलना करून महापालिकेची मक्तेदारी महाग पडते, असे मांडले. पुढे ते खासगीकरणाच्या विचाराचे जगभरातले एक अग्रणी झाले. सावस यांचा प्रश्न खरा होता. महापालिकेचे काम सुस्त आणि महाग असू शकते. फक्त त्यांच्याच शहरात, त्याच रस्त्यांवर, खासगी मक्तेदारी त्याहून महाग पडत होती आणि तिला मतपेटीतून उत्तर देण्याची सोय नव्हती.

पहिला खरा धक्का शहराबाहेरून, लाँग आयलंडवरून आला. तिथे रॉबर्ट कुबेका नावाचा गाडीवाला वडिलांनी सुरू केलेली कंपनी चालवत होता. संघटनेत यायला कुबेका कुटुंबाने नकार दिला. ट्रकची नासधूस झाली, गिऱ्हाइकांना दमदाटी झाली, जिवाच्या धमक्या आल्या. १९८२ मध्ये रॉबर्टने राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी पथकाला मदत करायचे ठरवले आणि अंगावर ध्वनिमुद्रक लावून तो बैठकांना जाऊ लागला. या तपासातूनच पथकाला साल्वातोरे अ‍ॅव्हेलिनोच्या जॅग्वार मोटारीत छुपा मायक्रोफोन बसवता आला. अ‍ॅव्हेलिनो हा लाँग आयलंडच्या गाडीवाल्यांचा म्होरक्या आणि लुकेझी घराण्याचा प्रमुख अँटनी कोरालो याचा सारथी. गाडीतल्या गप्पांत कोरालो माफियाच्या ‘कमिशन’ या सर्वोच्च मंडळाच्या कारभाराबद्दल मोकळेपणाने बोलून गेला. त्या फिती १९८६ च्या प्रसिद्ध ‘कमिशन’ खटल्यात पुरावा ठरल्या. न्यूयॉर्कच्या माफियाचे बडे म्होरके शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा घेऊन तुरुंगात गेले, याचा एक धागा कचऱ्याच्या ट्रकवाल्याच्या नकारापर्यंत पोचतो.

कुबेकाला मात्र पुरेसे संरक्षण मिळाले नाही. १० ऑगस्ट १९८९ च्या सकाळी ईस्ट नॉर्थपोर्टच्या छोट्या कचेरीत शिरून मारेकऱ्यांनी त्याला आणि त्याचा मेहुणा डोनाल्ड बार्स्टो याला गोळ्या घातल्या. कचेरीतून आणीबाणीच्या क्रमांकावर मदतीसाठी फोन गेला होता. मदत पोचली तरी दोघेही वाचले नाहीत. अ‍ॅव्हेलिनोने पुढे या हत्येच्या कटातला सहभाग कबूल केला. दोन्ही कुटुंबांनी राज्याविरुद्ध दावा लावला आणि संरक्षणात हयगय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले. ज्या नागरिकाने कायद्यावर विश्वास टाकला त्याला कायदा वाचवू शकला नाही. या सगळ्या इतिहासातली माझ्या मते ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे.

शहरातले कोडे तीन वर्षांनी सुटू लागले. १९९२ मध्ये ब्रुकलिनमधल्या चेंबर्स पेपर फायबर्स या रद्दी आणि कचऱ्याच्या कंपनीत रिक कावन हा पोलीस गुप्तहेर चौकशीसाठी गेला होता. मालक साल बेनेडेट्टोने एका इमारतीचे काम घेतले होते आणि त्यावर दुसऱ्या गाडीवाल्याचा हक्क सांगितला जात होता. दोघे बोलत असतानाच धमकवायला आलेली माणसे कचेरीत शिरली. हा कोण, असे त्यांनी विचारताच बेनेडेट्टोने क्षणात सांगून टाकले, माझा चुलतभाऊ डॅनी. तिथून कावनचा डॅन बेनेडेट्टो झाला. पुढची तीन वर्षे तो रोज त्या कंपनीत गेला, संघटनेच्या बैठकांना बसला, दंडाची रक्कम भरली, गॅम्बिनोचा जोसेफ फ्रँकोलिनो आणि जेनोव्हीसचा अल्फोन्स मलांगोन यांच्याशी स्टॉपच्या तंट्यांवर बोलला आणि हे सगळे शरीराला चिकटवलेल्या यंत्रावर नोंदवत राहिला. पोलिसांना तीस वर्षे न मिळालेला साक्षीदार आता त्यांचाच माणूस होता.

त्याच सुमारास देशातली दुसऱ्या क्रमांकाची कचरा कंपनी ब्राउनिंग-फेरिस इंडस्ट्रीज, म्हणजे बीएफआय, न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली. तिचे प्रमुख होते विल्यम रकलशॉस. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ते १९७० मधले पहिले प्रशासक आणि वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांचा आदेश मोडून १९७३ मध्ये पद सोडणारे उपमहाधिवक्ता. बीएफआय स्वतः धुतल्या तांदळासारखी नव्हती. १९८० च्या दशकात दुसऱ्या राज्यात दर संगनमताने ठरवल्याबद्दल तिला दंड झाला होता. पण इथे तिच्या पाठीशी सरकारी वकील होते आणि खिशात पैसा होता. फेब्रुवारी १९९३ मध्ये कंपनीच्या एका स्थानिक अधिकाऱ्याच्या घरापुढच्या हिरवळीवर जर्मन शेफर्ड कुत्र्याचे कापलेले मुंडके सापडले. तोंडात चिठ्ठी होती, न्यूयॉर्कमध्ये स्वागत असो. कंपनी मागे हटली नाही. मोठ्या इमारतींना तिने दिलेले दर चालू बिलांच्या तुलनेत इतके कमी होते की चाळीस वर्षांच्या लुटीचा आकडा प्रथमच उघड्यावर आला.

जून १९९५ मध्ये मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थॉ यांनी १७ माणसे, २३ कंपन्या आणि ४ गाडीवाला संघटना यांच्यावर आरोपपत्र दाखल केले. या वेळी एकेका गुंडापुरती कारवाई नव्हती. वाटणीची व्यवस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात होती. बड्या कंपन्यांचे मालक एकामागून एक गुन्हा कबूल करू लागले. १९९७ मध्ये फ्रँकोलिनोला ज्युरीने दोषी ठरवले आणि त्याला किमान दहा वर्षांचा तुरुंगवास झाला.

त्याहून महत्त्वाचा होता १९९६ चा स्थानिक कायदा क्रमांक ४२. महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने ट्रेड वेस्ट कमिशन नावाचे स्वतंत्र मंडळ उभे केले. पुढे त्याचे बिझनेस इंटेग्रिटी कमिशन झाले. आता परवान्यासाठी मालकाची, भागीदाराची आणि पैशाच्या उगमाची कसून चौकशी होऊ लागली. करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येणार नव्हता. चालू जाचक करारांतून थोड्या दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडायची मुभा दुकानदाराला मिळाली. कमाल दर घन-यार्डाला १४.७० डॉलरवरून १२.२० डॉलरवर आला आणि प्रत्यक्ष बाजारात दर त्याच्याही खूप खाली गेले, कारण आता खरोखर बोली लागत होती. गाडीवाले न्यायालयात गेले, पण संघीय अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९५७ मध्ये जे करायला हवे होते ते १९९६ मध्ये झाले.

बऱ्याच लेखकांनी ही गोष्ट इथे, माफियाच्या पराभवापाशी, संपवली आहे. पण ट्रकच्या मागच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

मोठ्या राष्ट्रीय कंपन्या आल्या, त्यांनी लहान कुटुंबांचे धंदे विकत घेतले आणि पुढे नफा आटल्यावर काढता पाय घेतला. उरल्या शंभराच्या आसपास कंपन्या आणि लाखाहून जास्त दुकाने. भीती गेली आणि तिच्या जागी दर पाडण्याची शर्यत आली. एकाच रस्त्यावर एका रात्रीत डझनावारी वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक येऊ लागले. काही बाजारपेठांत तर हा आकडा पन्नासपर्यंत गेला. एक ट्रक ब्रॉन्क्समध्ये चार पिशव्या उचली, मग पूल ओलांडून मॅनहॅटनमध्ये सहा, तिथून क्वीन्समध्ये दहा. पाळी दहा, बारा, चौदा तासांची होई. उजाडायच्या आत फेरी संपवायची म्हणून चालक सिग्नल तोडत आणि एकेरी रस्त्यात उलटे शिरत. मदतनीस पायरीवर लोंबकळत, पिशवी छातीशी धरून धावत. महापालिकेच्या कामगाराला युनियन, निवृत्तिवेतन आणि आजारपणाची रजा होती. खासगी ट्रकवर मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि नुकतेच आलेले स्थलांतरित होते. त्यांना त्याहून खूप कमी मजुरी मिळे आणि कधी ती हजेरीपटावर न घेता रोखीने हातावर टेकवली जाई.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रॉन्क्सच्या रस्त्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातून आलेला एक तरुण मदतनीस त्याच्याच ट्रकखाली सापडून मेला. त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नव्हते. ट्रकवरच्या माणसांनी पोलिसांना सांगितले की हा कुणी बेघर माणूस ट्रकवर चढला होता. काही महिन्यांनी पत्रकारांनी खरी गोष्ट बाहेर काढेपर्यंत तो सरकारी नोंदीत तसाच राहिला. त्याच चालकाच्या ट्रकखाली पुढच्या वर्षी एक वृद्ध पादचारी गेला. मग बिझनेस इंटेग्रिटी कमिशनने त्या कंपनीचा परवाना स्थगित केला आणि वर्ष संपण्याआधी कंपनी बंद पडली. कमिशनला गुंड ओळखायला शिकवले होते. थकलेला चालक आणि नादुरुस्त ब्रेक ओळखण्याचे अधिकार त्याच्याकडे अपुरे होते. १९९६ चा कायदा मालक कोण हे विचारी, मजूर कसा राबतो हे विचारत नसे.

कामगार संघटना, पर्यावरणवादी गट आणि कचरा-तळांशेजारी राहणाऱ्या वस्त्या यांनी वर्षानुवर्षे लावून धरल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या काळात स्थानिक कायदा क्रमांक १९९ झाला. त्याने शहराचे २० विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात जास्तीत जास्त तीन कंपन्यांना काम करण्याची मुभा ठेवली. कंपनीची निवड दरावरच होणार नाही, सुरक्षितता, मजुरांचे प्रशिक्षण, पुनर्वापर आणि ट्रकची स्थिती यांचेही गुण धरले जातील, असे ठरले. कोविडच्या महासाथीने काम लांबले. जानेवारी २०२४ मध्ये १८ कंपन्या निवडल्या गेल्या आणि पहिला विभाग म्हणून मध्य क्वीन्स निवडला गेला. एल्महर्स्ट, कोरोना आणि जॅक्सन हाइट्स हा तो भाग. न्यूयॉर्क परिसरातली मराठी कुटुंबे किराण्यासाठी आणि मिठाईसाठी जिथे येतात ती ७४ वी स्ट्रीटही यातच येते. २ जानेवारी २०२५ पासून तिथल्या प्रत्येक दुकानाला ठरलेल्या तीन कंपन्यांपैकीच एक घ्यावी लागते. दुकानाच्या काचेवर कंपनीचे नाव आणि कचरा उचलण्याचे दिवस सांगणारा कागद चिकटवलेला असतो. काही चुकले तर दाद कोणाकडे मागायची हे वाटेने जाणाऱ्यालाही कळते.

आता नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गाडीवाल्यांच्या संघटना जे काम गुपचूप करत होत्या, म्हणजे कोणत्या रस्त्यावर कोणाचा ट्रक जाईल हे ठरवणे, तेच काम साठ वर्षांनी शहराने उघडपणे आपल्याकडे घेतले. कचरा उचलण्यात वाटणी अपरिहार्य आहे, कारण एका रस्त्यावर पन्नास ट्रक फिरवणे हा वेडेपणा आहे आणि शेजारच्या दोन दारांसाठी दोन फेऱ्या करणे कुणालाच परवडत नाही. प्रश्न कधीच वाटणी असावी की नसावी हा नव्हता. ती कोण करणार, कोणासमोर करणार आणि तिचा जाब कोणाला विचारता येणार, हा होता. १९५७ मध्ये शहराने हा अधिकार कुणाला दिला नाही, नुसता रस्त्यावर टाकला. टाकलेली वस्तू उचलायला सर्वांत दांडगा होता तोच पुढे आला.

खासगी कंपनीने कचरा उचलण्यात मला वावगे दिसत नाही. महापालिकेने सगळे स्वतःच्याच माणसांकडून करावे असा आग्रहही मी धरणार नाही. पण निविदा उघडताना महापालिकेने स्वतःला विचारावे की आपल्याकडे वजन मोजणारा माणूस आहे का, हजेरीपट तपासणारा आहे का, ब्रेक बघणारा आहे का, आणि पहाटे अडीच वाजता रस्त्यावर जाऊन उभा राहणारा निरीक्षक आहे का. त्यांचा पगार वाचलेल्या पैशातूनच द्यावा लागेल. तो देऊनही बचत उरत असेल तर काम खुशाल बाहेर द्यावे. उरत नसेल, तर ती बचत नव्हतीच. तो खर्च दुकानदाराच्या आणि ट्रकमागे धावणाऱ्या मजुराच्या नावावर लिहिला गेला, एवढेच.